बटणांच्या डब्यातला तपकिरी डोळा

मित्रांनो, दचकू नका. मी एक डोळा आहे. जुना, काचेचा, तपकिरी. माझ्या बाहुलीभोवती बारीक सोनेरी कडं आहे आणि पांढऱ्या भागात दोन नाजूक लाल शिराही आहेत. लोकांना वाटतं काचेचा डोळा म्हणजे गोटी. तसं नसतं. मी वाटीसारखा आहे, अर्ध्या अक्रोडाच्या कवचाएवढा आणि तेवढाच पोकळ.

माझ्या वयानं पंचविशी ओलांडली. त्यातली उणीपुरी पाच मिनिटं मी माणसाच्या चेहऱ्यावर होतो. बाकी जवळजवळ सगळं आयुष्य बटणांच्या डब्यात गेलं. त्यामुळे माझ्या बोलण्यात कडवटपणा आला तर चालवून घ्या. खरा दिसला म्हणून ज्याला डब्यात कोंडलं, त्यानं गोड तरी कुठून बोलावं?

माझा जन्म लाउशाचा. जर्मनीतल्या थुरिंगियाच्या डोंगरात हे काचकामाचं गाव आहे. इथे घरटी एकाच्या तरी टेबलावर गॅसची ज्योत फुरफुरत असते. कुणी नाताळच्या झाडाचे चकचकीत गोळे फुगवतो, कुणी काचेची हरणं करतो, आणि दोन-चार घरं डोळे करतात. त्यातले मास्टर ओटोकार म्हणजे माझे जन्मदाते. जाड भिवयांचा, हळू बोलणारा माणूस. उत्तरेच्या खिडकीशी बसायचे, कारण डोळ्याचा रंग तिथल्याच उजेडात खरा दिसतो, असं ते म्हणायचे.

युद्ध संपून पाच वर्षं झाली होती. एके दिवशी डोंगरापलीकडच्या कुठल्याशा खेड्यातून आल्मा नावाची बाई तीन वर्षांच्या मुलाला कडेवर घेऊन मास्टरांकडे आली. मुलाचं नाव लोथार. लाकडं फोडताना ढलपी उडाली आणि त्याचा उजवा डोळा गेला होता. डावा शाबूत होता, स्वच्छ निळा.

मास्टरांनी निळ्या काचेची कांडी उचलली. आल्मा म्हणाली, "निळा नको, मास्टर. गेलेला डोळा तपकिरी होता."

मास्टर थांबले. "दोन डोळे, दोन रंगांचे?"

"जन्मापासून. आणि तपकिरीत आत सोनेरी कडं होतं. मी विसरेन होय?"

मग ती डोळे मिटून आठवून सांगत गेली आणि मास्टर मला घडवत गेले. आधी पांढऱ्या काचेच्या नळीचा फुगा, मग त्यावर तपकिरी थेंब, मग केसाएवढ्या कांड्यांनी ओढलेल्या रेघा, सोनेरी कडं, काळी बाहुली आणि वरून पाण्यासारख्या काचेची साय. मी निवल्यावर त्यांनी मला मुलाच्या खोबणीत बसवलं. आल्मा हुंदका देत म्हणाली, "हाच! हाच माझ्या लेकराचा डोळा!" तिनं त्याच्या पापणीवर ओठ टेकवले. तो स्पर्श मला आजही आठवतो.

मी जन्माला आलो, ओळखला गेलो आणि माझं कौतुकही झालं, सगळं एका दमात. पुढच्या चार मिनिटांत काय होणार, हे मला कुठे ठाऊक होतं!

आल्मानं मुलाला आरशासमोर धरलं आणि तिचा चेहराच उतरला. एक निळा, एक तपकिरी. तिच्या खेड्यात याच चेहऱ्यावरून लोक तिला टोचून खायचे. "दोन रंगांचे डोळे, दोन बाप!" नवऱ्याच्या कानात ते भरलं आणि तो घर सोडून गेला. खरं तर त्या नवऱ्याचेच डोळे तपकिरी होते, सोनेरी कड्यासकट. पण कान फुंकलेल्या माणसाला आरसा कोण दाखवणार?

"काढा तो," आल्मा म्हणाली. "निळा करून द्या. आम्ही आता इथेच राहू, इथे आम्हाला कुणी ओळखत नाही. पोरगा लहान आहे, विसरेल. आणि मास्टर, तुम्ही कुणाला सांगायचं नाही."

मास्टरांनी मला अलगद काढलं. "ज्याचा डोळा, त्याचं गुपित," ते म्हणाले. "आमच्या धंद्यात हाच नियम आहे. मी कुणाला सांगणार नाही."

दुसऱ्या दिवशी माझ्या जागी निळा बसला. आल्मानं मला कापसात गुंडाळून घरी नेलं आणि बटणांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवून दिलं.

काचेचा डोळा जन्मभर पुरत नाही, मित्रांनो. अश्रूंनी त्याची कांती खरखरीत होते, आणि मूल वाढतं तशी खोबणही वाढते. म्हणून वर्ष-दोन वर्षांनी नवा डोळा करावा लागतो. लोथारचे जुने निळे डोळे एकामागून एक माझ्याच डब्यात येऊन पडले. पाच, सहा, सात. ते जग बघून आलेले. शाळा, बर्फावरच्या घसरगाड्या, जत्रेतला पाळणा. माझ्याकडे सांगण्यासारखं काहीच नसायचं. ते मला विचारायचे, "तू रे कुणाचा?" मी म्हणायचो, "लोथारचाच." त्यावर सगळा डबा खदखदून हसायचा. "लोथार आणि तपकिरी? हो, आणि आम्ही राजाच्या मुकुटातले नीलम!"

पण एक गोष्ट होती, जिच्यावर मी जगलो. लोथारच्या वाढदिवसाला, तो शाळेत, पुढे कामावर गेल्यावर, आल्मा डबा उघडायची. निळ्यांना बाजूला सारून मलाच उचलायची. कोमट पाण्यानं धुऊन, मऊ फडक्यानं पुसून उजेडात धरायची. बोलायची काहीच नाही. मला वाटायचं, हिचं माझ्यावर प्रेम आहे. कधी ना कधी ही मुलाला सांगेल. वीस वर्षं मी या भाबड्या आशेवर काढली.

आल्मा घरी बसून नाताळचे गोळे रंगवायची. लोथार मोठा होऊन काचेच्या कारखान्यात लागला. गाव त्यांना 'बाहेरचे' म्हणायचं, कारण लाउशात निम्म्या गावाचं आडनाव एकच आणि माणसं टोपणनावानं ओळखली जातात. आल्माला 'बाहेरची आल्मा' हे नाव जे चिकटलं, ते कायमचं. लोथारनं बापाबद्दल विचारलं की ती एवढंच सांगायची, "तू तान्हा असतानाच वारला." फोटो तिनं कधीच चुलीत घातले होते.

मग घरात फ्रीडे आली, लोथारची बायको. वरच्या डोंगरावरच्या गावची, गोरीपान, निळ्या डोळ्यांची, हसली की भांडी वाजल्यासारखं घर भरून जायचं. लग्नानंतर आठवड्याभरात तिला नवऱ्याच्या सदऱ्याचं बटण लावायचं होतं. तिनं डबा उघडला आणि मी तिच्या हाताला लागलो.

"अगंबाई!" तिनं मला पदराला पुसावं तसं एप्रनला पुसलं. "आई, हा किती सुरेख आहे! जिवंत वाटतो अगदी. कुणाचा हो?"

आल्माच्या हातातला कुंचला हलला नाही. "कुणाचा नाही. मास्टरकडचा नमुना आहे. चुकून आला."

मित्रांनो, वीस वर्षांत पहिल्यांदा कुणी माझं कौतुक केलं, आणि त्याच घटकेला मला घडवून घेणारीनं मला 'कुणाचा नाही' म्हटलं. निळे हसले. मी मात्र त्या दिवशी पहिल्यांदा समजलो, की पुसणं वेगळं आणि आपलं म्हणणं वेगळं.

वर्षभरानं फ्रीडेला मुलगी झाली. डोर्ले. जन्मली तेव्हा तिचे डोळे निळसर राखी होते. आल्मा टक लावून बघत होती, मग तिनं सुटकेचा श्वास टाकला. पण डोळे घडवणाऱ्यांच्या गावात राहून तिला एवढं ठाऊक असायला हवं होतं, की बाळाचा रंग हळूहळू भरतो. सहाव्या महिन्यात निळं गढूळ झालं. नवव्या महिन्यात त्यात मध दिसू लागला. वर्ष भरलं तेव्हा डोर्लेचे डोळे तपकिरी होते, आणि बाहुलीभोवती सोनेरी कडं.

शेजारची झेल्मा दूध द्यायला आली आणि दारातच थबकली. "काय गं फ्रीडे, पोरीच्या डोळ्यांत कॉफी कुणी ओतली?"

"देवानं ओतली," फ्रीडे हसून म्हणाली. "तुला हवी का वाटीभर?"

पण झेल्माची जीभ म्हणजे गावची दवंडी. चार दिवसांत ते कारखान्यात पोचलं. लोथारला मित्र म्हणू लागले, "अरे, तुझ्याकडे कॉफी येते तरी कुठून?" लोथारनं आधी हसण्यावारी नेलं. मग त्याला शाळेतला फळा आठवला. निळे आई-बाप, निळं मूल, गुरुजींनी चौकोन आखून शिकवलं होतं. तपकिरी जोरकस, निळा दबता. तपकिरी असेल तर दिसणारच, लपणार नाही. त्या परीक्षेत लोथारला पैकीच्या पैकी गुण होते. अर्धवट शिकलेलं माणसाला फार पक्कं आठवतं!

रविवारी क्लोसे, म्हणजे बटाट्याचे उकडलेले लाडूच, झाले होते, आत तळलेले पावाचे तुकडे घालून, घरातल्या रीतीप्रमाणे. लोथारनं काटा खाली ठेवला.

"फ्रीडे, तुझे डोळे निळे. माझा निळा. हिचे तपकिरी कसे?"

"मला काय विचारतोस? मी काय रंगवून काढली तिला?"

"गुरुजींनी शिकवलंय. असं होतच नाही."

फ्रीडेचा चेहरा पांढरा पडला. "म्हणजे? काय म्हणायचंय तुला? नीट बोल. बोलायचंच आहे तर तोंड उघडून बोल."

लोथार आईकडे वळला. "आई, बाबांचे डोळे कसे होते गं?"

डबा फळीवर होता आणि त्याचं झाकण किंचित उघडं होतं. मी फटीतून बघत होतो. मला वाटलं, आली ती घटका. आता ही उठेल, मला उचलेल आणि टेबलावर ठेवेल.

"निळे," आल्मा म्हणाली. "तुझ्यासारखेच."

फ्रीडेनं तिचा हात धरला. "आई, तुम्ही मला ओळखता. तुमच्याच घरात राहते मी, तुमच्याच शेजारी बसून गोळे रंगवते. तुम्ही तरी सांगा ना याला!"

आल्मानं हात सोडवून घेतला. "मी काय सांगू बाई? मी का तुझ्या मागे मागे होते?"

मित्रांनो, मी काच आहे. मला रडता येत नाही. आलं असतं तर तो डबा बुडला असता. जो टोमणा हिच्या स्वतःच्या काळजात एकदा रुतला होता, तोच हिनं सुनेच्या काळजात खुपसला. आणि ते खोटं आहे हे फ्रीडेशिवाय जगात तिघांनाच ठाऊक होतं. ती स्वतः, म्हातारे मास्टर आणि मी, ज्याला तोंडच नाही.

लोथार त्या दिवसापासून पोटमाळ्यावर झोपू लागला. आठवड्यानं त्यानं सांगून टाकलं, "मुलीला माझं नाव लावणार नाही. अर्ज करतो. तू माहेरी जा." फ्रीडेचा भाऊ शनिवारी दुपारी ट्रक घेऊन येणार होता.

शनिवारी सकाळी फ्रीडे बांधाबांध करत होती. डोर्लेच्या कोटाचं एक बटण तुटलं होतं. तिनं डबा घेतला आणि जमिनीवर उपडा केला. बटणं पसरली, निळे डोळे घरंगळले. डोर्ले रांगत आली आणि सगळं सोडून तिनं नेमकं मलाच मुठीत धरलं. मी तिच्या तोंडात जाण्याआधी फ्रीडे मला हिसकावून घ्यायला वाकली, आणि तशीच थांबली. तिनं मला लेकीच्या गालाशी धरलं. सोनेरी कड्याशी सोनेरी कडं.

तिनं मला एप्रनच्या खिशात टाकलं, पोरीला कडेवर घेतलं आणि भराभर उतार उतरून मास्टरांकडे गेली.

मास्टर आता फार थकले होते. पण मला तळहातावर घेताच त्यांनी ओळखलं. "अरे, तू!" ते म्हणाले. एवढ्या वर्षांत मला कुणी नावानं हाक मारल्यासारखं वाटलं.

"मास्टर, हा कुणाचा?"

"पोरी, मी शब्द दिलाय."

"कुणाला? माझ्या सासूला ना? तिच्या शब्दापायी माझ्या लेकीचं नाव जाणार. तासाभरात ट्रक येईल."

मास्टरांनी मला उत्तरेच्या खिडकीशी धरून पाहिलं. मग म्हणाले, "मी शब्द दिला तो असा, की ज्याचा डोळा, त्याचं गुपित. डोळा काही आल्माचा नव्हता." त्यांनी हाताखाली काम शिकणाऱ्या आपल्या नातीला कारखान्यात पिटाळलं. "लोथारला म्हणावं, आत्ताच्या आत्ता ये. डोळ्याचं काम आहे."

लोथार आला तो कपाळाला आठ्या घालून. बायकोला पाहून मागे फिरणार होता. मास्टर म्हणाले, "बैस. हा तुझा पहिला डोळा. गेलेल्यासारखा हुबेहूब केलेला. तो तपकिरी होता. तुझ्या आईनं माझ्यासमोर ओळखून त्याचा मुका घेतला होता."

लोथार हसला. "काहीतरीच! माझे डोळे निळे आहेत."

"एक निळा आहे. दुसरा मी केलेला आहे." मास्टरांनी दोन कांड्या उचलल्या, एक निळी, एक तपकिरी. "ऐक. मी चाळीस वर्षं माणसांच्या डोळ्यांत डोकावतोय, आणि शेजारच्या शहरातल्या डॉक्टरांकडून चार गोष्टी शिकलोय. ही निळी कांडी मला काचेसाठी लागते. माणसाच्या डोळ्यात निळा रंगच नसतो. असतो तो फक्त तपकिरी. भरपूर असला की डोळा तपकिरी, मध्यम असला की हिरवट, आणि अगदी थोडा असला की उजेड आत विखुरतो आणि निळं दिसतं. समोरचा डोंगर निळा दिसतो ना? जाऊन बघ, आहे का तिथे निळं झाड एखादं?"

लोथारनं खिडकीतून डोंगराकडे पाहिलं.

"आता रंग किती भरायचा याची शिकवण मूल जन्माला येतानाच घेऊन येतं. एक आईकडून, एक बापाकडून. भरायची शिकवण एकाकडून मिळाली तरी बहुतेक वेळा पुरते. तुला ती बापाकडून मिळाली होती. पण तुझ्या डाव्या डोळ्यात, तू पोटात असतानाच, काहीतरी अडलं आणि रंग उतरलाच नाही. होतं असं क्वचित. डोळ्यात उतरला नाही म्हणून तुझ्यातून गेला असं नाही. तो तुझ्यात होताच. तू तो लेकीला दिलास."

"पण गुरुजींनी..."

"गुरुजींचा चौकोन खोटा नाही, अपुरा आहे. या कामात एकच हात नसतो, कितीतरी हात असतात. कधी कधी खरोखरच्या निळ्या जोडप्यालाही तपकिरी मूल होतं. डोळ्यांचा रंग बघून बायकोचं चारित्र्य ठरवायला, बाबा, मी डोळे करणारा असूनही कधी धजलो नसतो."

मग मास्टरांनी मला डोर्लेच्या डोळ्याखाली धरलं, उत्तरेच्या उजेडात. लोथारनं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग त्यानं तोंड ओंजळीत झाकलं.

घरी येऊन त्यानं मला आईसमोर टेबलावर ठेवलं, रंगवलेल्या गोळ्यांच्या मधोमध. आल्मानं मला पाहिलं आणि कुंचला खाली ठेवला.

"बाबांचे डोळे कसे होते, आई?"

"तपकिरी," ती म्हणाली. मग तिनं सगळं सांगितलं, खेडं, टोमणे, सोडून गेलेला नवरा. "मला वाटलं, तुला कळलं तर तूही म्हणशील, दोन डोळे, दोन बाप. तूही जाशील."

फ्रीडे दारात उभी होती. "तुम्हाला हे कसं लागतं ते ठाऊक होतं, आई. गावात दुसऱ्या कुणाला नसेल एवढं ठाऊक होतं. आणि तरी?"

"ठाऊक होतं म्हणूनच भ्याले गं."

बाहेर ट्रकचा भोंगा वाजला. लोथार धावत गेला आणि त्यानं फ्रीडेच्या हातातली पेटी धरली. "आता कशाला जातेस? कळलं ना सगळं! माझं चुकलं. मला आता खात्री पटलीय."

फ्रीडेनं पेटी सोडली नाही. "हो, पटली. काचेच्या डोळ्यानं सांगितल्यावर पटली. मी सांगत होते तेव्हा नाही पटली. तुझा विश्वास काचेवर बसला, लोथार. माझ्यावर नाही बसला."

लोथारनं पेटीवरचा हात काढला. तिनं टेबलावरून मला उचललं, खिशात टाकलं आणि ट्रकमध्ये जाऊन बसली. आल्मा खिडकीत उभी होती. वीस वर्षं जिनं मला पुसलं, तिच्याकडे मी शेवटचं पाहिलं. मला तिचा राग आला होता आणि दयाही येत होती, पण राग जास्त होता. अजूनही आहे.

त्याला आता चार वर्षं होतील. डोर्लेच्या नावापुढे बापाचं नाव राहिलं. लोथार दर रविवारी डोंगर चढून फ्रीडेच्या माहेरी येतो. फ्रीडे त्याला जेवायला वाढते, क्लोसे वाढते, हसतेसुद्धा कधी कधी. संध्याकाळची बस आली की तो टोपी घेऊन उठतो. ती थांब म्हणत नाही आणि तो विचारायला धजत नाही.

मी आता डब्यात नाही. खिडकीतल्या बशीत असतो, कापसावर. मित्रांनो, काचेच्या डोळ्याची निगा राखणं सोपं आहे. कोमट पाणी, मऊ फडकं, आणि अचानक गार पाण्यात टाकू नका, तडा जातो. तुमच्या घरातही कुठल्यातरी डब्यात एखादी खरी गोष्ट कोंडलेली असेल, तर तिला नुसतं पुसून परत ठेवू नका. ज्याची आहे त्याच्या हातात द्या, आणि वेळेवर द्या. उशिरा दिलेलं खरं घेऊन आमचा लोथार दर रविवारी बसच्या थांब्यावर उभा असतो.

परवा डोर्लेची मैत्रीण खेळायला आली होती. मला पाहून तिनं नाक मुरडलं. "ई! हा कुणाचा गं?"

मी श्वास रोखला. मला श्वास नाही, तरी रोखला. हाच प्रश्न, हीच चिडवाचिडवी ऐकत मी जन्म काढला होता.

"हा?" डोर्लेनं मला स्वतःच्या डोळ्याशेजारी धरलं आणि मैत्रिणीकडे वळून पाहिलं. "हा माझ्या बाबांचा. आजीनं लपवून ठेवला होता."